‘अ ख्रिसमस कॅरोल’चं नभोनाट्य लोकांसमोर: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

डिसेंबरातल्या प्रयोगासाठी हॉल ऑगस्टमध्येच धरून ठेवावा लागतो. यंदा पहिल्यांदा हे करून बघायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी म्हणून आत्ताच लिहिते आहे.

मी राहते ते गाव बॉस्टनच्या पश्चिमेला, लहानसं. इथे दर डिसेंबरात आम्ही दहा-बारा शेजारी मिळून चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ ही गोष्ट जुन्या रेडिओ नाटकाच्या थाटात लोकांपुढे सादर करतो. व्यावसायिक नट कुणीच नाही. जमलेले पैसे आणि डबाबंद शिधा गावच्या फूड पँट्रीला जातो. महिनाअखेर ज्या घरांत किराणा पुरत नाही, त्यांना मोफत शिधा देणारं हे केंद्र. सहा वर्षं मी या प्रयोगाचं आवाजाचं टेबल सांभाळते आहे, त्यामुळे या लेखात आवाजाबद्दल जरा जास्तच येईल.

प्रकार काय, ते आधी सांगते. मंचावर तीन-चार माइक, प्रत्येकाच्या हातात संहिता, आणि एका बाजूला टेबलावर साखळ्या, घंटा, दाराची कडी, करवंट्या असा पसारा. नट वाचतात, आवाज करणारा सगळ्यांच्या देखत आवाज करतो, आणि प्रेक्षक म्हणजे १९४० च्या आसपास एखाद्या रेडिओ स्टुडिओत येऊन बसलेले श्रोते. आकाशवाणीची नभोनाट्यं ऐकत जे वाढले त्यांना वेगळं सांगायला नको. पाठांतर नाही, नेपथ्य नाही, दर प्रवेशाला कपडे बदलणं नाही. नोकरी आणि घर सांभाळून सहा-सात आठवड्यांत प्रयोग उभा राहतो.

गोष्ट थोडक्यात अशी: नाताळच्या आदल्या रात्री स्क्रूजकडे त्याच्या मेलेल्या भागीदाराचं, मार्लेचं भूत येतं, त्यामागून भूतकाळ, वर्तमान आणि भविष्य दाखवणारी तीन भुतं येतात, आणि सकाळी स्क्रूज बदललेला असतो. हीच गोष्ट का? कारण मदतीसाठी हात पसरणं हे या गोष्टीच्या पोटातच आहे. सुरुवातीलाच दोन सद्गृहस्थ वर्गणीची यादी घेऊन कवडीचुंबक स्क्रूजच्या कचेरीत येतात. तुरुंग आणि वर्कहाउस (गरिबांना आसरा देऊन राबवून घेणारी घरं) बंद पडलेत का, असं त्यांनाच विचारून तो दोघांना रिकाम्या हाताने परत पाठवतो. शेवटच्या सकाळी हाच स्क्रूज त्यातल्या एकाला रस्त्यात गाठतो आणि त्याच्या कानात एक आकडा सांगतो. हा आकडा पुस्तकात कुठेही दिलेला नाही. माझ्या मते सबंध प्रयोग या दोन प्रसंगांना टांगलेला आहे, आणि ही दोरी नीट राखली तर देणगीसाठी वेगळं भाषण करावं लागत नाही.

पुस्तक १९ डिसेंबर १८४३ ला लंडनमध्ये निघालं आणि पहिल्या छपाईच्या ६,००० प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. दहा वर्षांनी, २७ डिसेंबर १८५३ ला, डिकन्सने बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये ही गोष्ट स्वतः लोकांना वाचून दाखवली, तीही एका शिक्षणसंस्थेच्या मदतीसाठी. तीन दिवसांनी खास कामगारांसाठी स्वस्त तिकिटात तिचं पुन्हा वाचन केलं. २ डिसेंबर १८६७ ला आमच्या बॉस्टनच्या ट्रेमाँट टेंपलमध्येही त्याने हीच गोष्ट वाचली. पुढे रेडिओ आला, आणि लायनेल बॅरिमोर या नटाने १९३४ पासून जवळजवळ दर नाताळात अमेरिकेला स्क्रूज ऐकवला. तेव्हा वाट मळलेली आहे, घाबरायचं कारण नाही.

संहिता

मूळ पुस्तक साधारण २८,००० शब्दांचं. मिनिटाला १३०-१४० शब्द या गतीने वाचलं तर साडेतीन तास होतात. खुद्द डिकन्सला पहिल्या वाचनाला सुमारे तीन तास लागले होते. पुढे त्याने पुस्तकाच्या प्रतीवर काटछाट करत वाचन दीड तासाच्या आत आणलं. ती खुणा केलेली प्रत न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत जपून ठेवलेली आहे. तुम्ही सत्तर मिनिटं धरा. गाणी, आवाज आणि शांततेचे क्षण यांना दहा मिनिटं सोडली की साठ मिनिटांचे आठ हजार शब्द उरतात. यापेक्षा मोठी संहिता घेऊन तालमीला बसू नका. कापाकापी तालमीत करायला गेलं की ज्याचं वाक्य जातं तो नाराज होतो.

मूळ गोष्ट स्वामित्वहक्कातून केव्हाच मोकळी झालेली आहे, त्यामुळे तिच्यावरून स्वतः संहिता बेतली तर कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. मात्र बाजारात मिळणारी तयार रेडिओ-रूपांतरं ज्याची त्याची असतात. ती वापरायची तर परवाना काढायचा. प्रयोग इंटरनेटवर दाखवायचा असेल तर तसंही परवान्यात लिहून घ्यायचं. इंटरनेटवर सापडलेल्या जुन्या प्रक्षेपणावरून संहिता उतरवून काढू नका. ते जुनं आहे म्हणून मोकळं आहे असं होत नाही.

काय कापायचं? नुसती डोळ्यांसाठी असलेली वर्णनं. धुकं, सजलेली दुकानं, फळांच्या राशी, प्रत्येकाला एकेक वाक्य ठेवा. दुसरं भूत स्क्रूजला खाणकामगारांच्या झोपडीत, दीपगृहावर आणि जहाजावर नेतं, तो सगळा फेरफटका गेला तरी चालतो. उलट काही जागा जोडीच्या आहेत, त्यातली एक कापलीत तर दुसरी लंगडी पडते. तुरुंग आणि वर्कहाउसबद्दलचे स्क्रूजचे शब्द दुसरं भूत पुढे त्याच्याच तोंडावर फेकतं. पहिला प्रसंग घाईत उरकला असेल तर हा तडाखा बसतच नाही.

तिसऱ्या भुताबरोबर दिसणारा, ‘जो’ नावाच्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याच्या दुकानातला प्रसंग बहुतेक जण कापतात. भयाण आहे, मान्य. पण कानांसाठी त्याहून चांगला प्रसंग या गोष्टीत नाही. मेलेल्या माणसाच्या, म्हणजे भविष्यातल्या खुद्द स्क्रूजच्याच, पलंगाचे पडदे कड्यांसकट ओरबाडून आणलेले असतात आणि गाठोडं सुटताना त्या कड्या वाजतात. ह्याच पडद्याच्या पितळी कड्या श्रोत्यांनी आधी ऐकलेल्या असतात, पहिलं भूत पडदा सारतं तेव्हा. शेवटच्या सकाळी स्क्रूज जागा होऊन पडदे कवटाळतो, कड्यांसकट सगळे जागच्या जागी आहेत म्हणून. एकच आवाज तीन ठिकाणी. एका सळईवर आठ पितळी कड्या ओवून ठेवा, खर्च नगण्य. आमच्याकडे तिसऱ्या वेळी कड्या वाजल्या की पुढच्या रांगेतली माणसं हसतात, सुटल्यासारखी.

निवेदकाला फार बोलू देऊ नका. ‘तो दाराकडे गेला’ हे निवेदकाने सांगण्यापेक्षा पावलं आणि कडी ऐकवा. निवेदन ठेवायचं ते काळ आणि जागा बदलताना, आणि डिकन्सचा आवाज खरोखर गोड लागतो तिथे.

मराठीत करायचं असेल तर

परदेशातली महाराष्ट्र मंडळं, वसई किंवा अहिल्यानगरकडची (पूर्वीचं अहमदनगर) चर्चची तरुण मंडळं, कुणालाही हे मराठीत करता येईल. भाषांतर स्वतःच करा. लंडन लंडनमध्येच ठेवा, शिलिंगचे रुपये करू नका. फक्त नाती नीट बघा. इंग्रजीत फ्रेड हा स्क्रूजचा नेफ्यू आणि स्क्रूज त्याचा अंकल. मराठीत असं मोघम बोलता येत नाही. फ्रेड हा स्क्रूजच्या मेलेल्या बहिणीचा, फॅनचा मुलगा, म्हणजे भाचा. तो पहिल्याच वाक्यात ‘मामा’ म्हणून हाक मारतो आणि बहिणीचं नातं तिथेच उघडं होतं. पुढे पहिल्या भुताबरोबर लहानगी फॅन भावाला शाळेतून घरी न्यायला येते, तेव्हा मराठी श्रोत्याला ती कोण आहे हे इंग्रजी श्रोत्यापेक्षा आधी कळलेलं असतं. ‘मामा’ हा शब्द म्हणून सुरुवातीला दोन-तीनदा स्पष्ट ऐकू येऊ द्या. कारकून बॉब क्रॅचिट मालकाला ‘साहेब’ म्हणेल, आणि स्क्रूज त्याला अरेतुरे करेल, शेवटच्या प्रवेशातसुद्धा. तिथे सूर बदलतो, सर्वनाम नाही.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोग करणार असाल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यायला वेळ ठेवा.

माणसं

नऊ आवाज पुरतात. स्क्रूज करणाऱ्याला दुसरं काही देऊ नका, तो सबंध वेळ माइकसमोर असतो. निवेदकही वेगळा. बाकीच्यांनी दोन-तीन भूमिका वाटून घ्यायच्या, फक्त एकाच माणसाला स्वतःशीच बोलावं लागत नाही ना एवढं तक्ता मांडून तपासा. मार्ले करणारा माणूस व्यापारी ‘जो’ची भूमिकाही करू शकतो. फ्रेड करणारा तरुण स्क्रूज करू शकतो, आणि मामा-भाच्याचे आवाज सारखे येतात हे उलट बरंच वाटतं.

निवड करताना मी डोळे मिटून बसते. माणूस दिसायला कसाही असो, दोन आवाज लागोपाठ ऐकताना वेगळे कळतात का, एवढंच बघायचं असतं. चार मध्यम वयाचे पुरुषी आवाज एकाच पट्टीत असतील तर श्रोत्याला कोण बोलतंय ते कळत नाही. भुतं बायकांनी करायला काही हरकत नाही.

इथे राहणाऱ्या आपल्या लोकांना एक सांगते. ‘माझे उच्चार अमेरिकन नाहीत, मला कोण घेणार’ असं म्हणून मागे राहू नका. आमच्या प्रयोगात कुणीच खोटा ब्रिटिश उच्चार काढत नाही, तो दहा मिनिटांत सुटतो आणि मग फार वाईट वाटतं. शब्दाचा शेवट गिळायचा नाही, आणि वाक्याच्या शेवटी आवाज खाली पाडायचा नाही. ह्या दोन गोष्टी ज्याला जमल्या, त्याचं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं.

टायनी टिमसाठी, म्हणजे बॉब क्रॅचिटच्या आजारी धाकट्या मुलासाठी, खरं लहान मूल घ्या. वाक्यं मोजकी आहेत. त्याला तालमीला पूर्ण वेळ बसवू नका, आणि त्याच्या उंचीचा वेगळा माइक आधीच लावून ठेवा. मूल बोलायला लागल्यावर कुणी पुढे येऊन स्टँड खाली करायला लागलं तर त्या प्रसंगातला जीवच जातो.

आवाजाचं टेबल

पुस्तकातलं मार्लेच्या भुताचं आगमन काढून नीट वाचा. आधी खोलीतली जुनी, न वापरातली घंटा हळूहळू हलायला लागते, मग मोठ्याने वाजते, मग घरातल्या सगळ्या घंटा. सगळ्या एकदम थांबतात. मग खूप खालून, तळघरातून, पिंपांवरून जड साखळी ओढल्याचा आवाज. तळघराचं दार धाडकन उघडतं. साखळी खालच्या मजल्यावर, मग जिन्यात, मग थेट दाराकडे. रेडिओ यायच्या जवळपास ऐंशी वर्षं आधी डिकन्सने ध्वनिपरिणामांचा क्रमच लिहून ठेवला आहे. तो बदलू नका. घंटा थांबल्यावर किमान तीन सेकंद काहीही वाजवू नका. मनात मोजा, कारण त्या वेळी तीन सेकंद फार लांब वाटतात.

साखळी लोखंडाची घ्या. हॅलोविनला मिळते ती प्लॅस्टिकची दिसते छान, वाजते खडखड्या खेळण्यासारखी. हार्डवेअरच्या दुकानातून दोन मीटर जाड साखळी आणा आणि तिच्यात जुन्या किल्ल्यांचा जुडगा, दोन कुलपं आणि एक पत्र्याची पैशांची पेटी अडकवा. पुस्तकातही मार्लेची साखळी पैशांच्या पेट्या, किल्ल्या, कुलपं, खातेवह्या यांचीच आहे. पहिल्या वर्षी ही साखळी मी मंचावर ओढली आणि काहीच ऐकू आलं नाही. मंचावर गालिचा होता, त्याने आवाज पिऊन टाकला. पुढच्या वर्षीपासून मी एक जुनी लाकडी फळी घेऊन जाते, खाली दोन पट्ट्या ठोकून ती जमिनीपासून बोटभर उचललेली. फळी पोकळीवर असली की साखळीला तळघराचा घुमारा येतो. हातमोजे घाला, साखळी बोटं चिमटते.

आणखी एक. साखळीचा पहिला आवाज आम्ही टेबलावर करतच नाही. आमचा एक गडी दुसरी साखळी घेऊन हॉलच्या बाहेर, प्रेक्षकांच्या पाठीमागच्या पॅसेजमध्ये उभा असतो, माइकशिवाय. मंचाकडे बघत बसलेल्या लोकांना तो आवाज मानेमागून येतो. दर वर्षी काही माना वळतात. मग दार, मग टेबलावरची साखळी माइकपासून चार हातांवर, मग दोन हातांवर, मग अगदी जवळ.

बाकीचे आवाज थोडक्यात. बर्फातली पावलं: मक्याचा स्टार्च, म्हणजे आपलं पांढरं कॉर्नफ्लोअर, जाड कापडी पिशवीत घट्ट बांधून माइकजवळ अंगठ्यांनी दाबायचं, करकर असा अचूक आवाज येतो. शेगडी: सेलोफेन कागद हळू चुरगळायचा. घोडागाडी: नारळाच्या दोन करवंट्या बारीक खडीच्या ट्रेमध्ये. इथे लोक त्या विकत आणतात. आमच्या घरातल्या, खोवून झालेल्या आणि उन्हात वाळवलेल्या करवंट्या सहा वर्षं चालल्या आहेत. वारा: पट्ट्या ठोकलेला लाकडी पिंपासारखा रूळ, वरून ताणलेलं कॅनव्हास, आणि फिरवायला दांडा. हे बनवायला वेळ लागतो, पण जमलं तर दुसरं काही त्याच्या जवळपास येत नाही. नाहीच जमलं तर तोंडाने वारा करणारा एक माणूस प्रत्येक गटात असतो, त्याला शोधा. दार: चौकटीत बसवलेलं गुडघ्याएवढं खरं दार, खऱ्या कडीसकट. फेझिविगच्या, म्हणजे स्क्रूजच्या तरुणपणच्या मालकाच्या, पार्टीला फिडल वाजवणारा कुणी मिळाला तर उत्तम, नसेल तर टाळ्या आणि नाचणारे पाय.

फोनवरचे तयार आवाज वापरावेत का, असं नेहमी विचारलं जातं. घड्याळाच्या टोल्यांसाठी आम्ही वापरतो. बाकी नाही. लोक या प्रयोगाला येतात ते माणूस हाताने बर्फ करतो ते बघायला. पीठ दाबणारे हात दिसतात, तरी कानांना बर्फच ऐकू येतो. मुलं तर प्रयोगानंतर टेबलाभोवती गराडा घालतात आणि करवंट्या वाजवून बघितल्याशिवाय हलत नाहीत.

न बोलणारं भूत

नवख्या गटांची सगळ्यात मोठी अडचण तिसऱ्या भुताची. ते पुस्तकात एक शब्दही बोलत नाही, फक्त हाताने दाखवतं. रेडिओवर न बोलणारं पात्र म्हणजे नसलेलं पात्र. त्याला बोलायला लावणारी रूपांतरं मी ऐकली आहेत, आणि मला ती पटलेली नाहीत. भविष्याने बोलायला सुरुवात केली की त्याची भीती जाते.

आम्ही असं करतो. मार्ले आल्यापासून खिडकीबाहेर वारा सतत, अगदी हलका चालू असतो. लोकांना तो चालू आहे हे विसरायला होतं. तिसरं भूत आलं की वारा थांबतो, एकदम. तो थांबला हेच भुताचं येणं. मग भुताचं उत्तर म्हणून ब्रश लावलेल्या एका झांजेचा जेमतेम ऐकू येणारा घासटा स्वर. स्क्रूज विचारतो, झांज कुजबुजते, स्क्रूज पुन्हा विचारतो. कबरीपाशी तो गयावया करतो तेव्हा झांजही वाजवायची नाही. तालमीत स्क्रूज करणाऱ्याला त्या शांततेत उभं राहायला शिकवावं लागतं. न शिकवलेला माणूस घाबरून पुढचं वाक्य लवकर उचलतो.

पहिल्या भुतासाठी मात्र डिकन्सने सूचनाच दिली आहे: आवाज मऊ, हळुवार, आणि शेजारी असूनही लांबून आल्यासारखा. नटीला माइकपासून दीड हात मागे उभं करा आणि तिचा माइक मिक्सरवर थोडा वर घ्या, तंतोतंत तेच ऐकू येतं.

माइक आणि कागद

नटांसाठी साधे डायनॅमिक माइक, शुअर एसएम ५८ सारखे, तीन पुरतात. टेबलासाठी एक कंडेन्सर, तो बारीक आवाज पकडतो. तोंड आणि माइक यांत एक वीत अंतर. ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटू नयेत म्हणून थेट माइकवर न बोलता किंचित बाजूने बोलायचं. ओरडायचं असेल तर एक पाऊल मागे, कुजबुज असेल तर पुढे. ‘लांबून येतो’ हे दाखवायला डोकं वळवून बोलत बोलत माइककडे यायचं. स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला ठेवा, नाहीतर शिट्टी वाजेल.

संहिता एकाच बाजूला छापलेली, मोठ्या टायपात, स्टेपल न केलेली. एकही संवाद पान ओलांडून जाता कामा नये. पान उलटायचं नाही, अलगद उचलून मागे सरकवायचं. सगळ्यांकडे पेन्सिल असू द्या, पेनाने केलेल्या खुणा दुसऱ्या आठवड्यात चुकीच्या ठरतात.

तालमी आणि गाणी

हॉल ऑगस्टमध्ये, संहिता सप्टेंबरअखेर, निवड ऑक्टोबरात, आणि मग आठवड्याला एक अशा सहा तालमी. पहिल्या दोन टेबलाभोवती बसून. तिसरी फक्त आवाजाच्या टेबलाची, स्क्रूज आणि निवेदकासह. पाचवी प्रत्यक्ष हॉलमध्ये, माइकसह. शेवटची रंगीत तालीम, घड्याळ लावून, काहीही झालं तरी न थांबता. नवीन गट नेहमी तिसरी तालीम गाळतात आणि त्याची किंमत प्रयोगात मोजतात. आमच्याकडे हिमवादळाची धास्ती असते म्हणून एक राखीव तारीखही पहिल्याच दिवशी जाहीर करतो.

गाणी १८४३ ला शोभणारी घ्या. ‘गॉड रेस्ट यू मेरी जेंटलमेन’ तर पुस्तकातच आहे, स्क्रूजच्या दाराच्या किल्लीच्या भोकाशी एक पोरगा ते म्हणायला लागतो आणि पळवून लावला जातो. ‘जिंगल बेल्स’ १८५७ चं, म्हणजे स्क्रूजला ते ठाऊक असणं शक्य नाही, ते प्रयोगानंतर सगळ्यांनी मिळून म्हणा. विसाव्या शतकातल्या बऱ्याच गाण्यांना परवाना लागतो, त्या वाटेला जाऊ नका.

पैसे

एकच संस्था निवडा, आणि आधी तिच्या माणसांना जाऊन भेटा. त्यांना रोख हवी आहे की शिधा, कोणता शिधा, डिसेंबरात हवा की फेब्रुवारीत, जेव्हा देणारे कमी होतात, ते विचारा. त्यांचं नाव पत्रकावर छापायची लेखी परवानगी घ्या. देणगी थेट त्यांच्याच खात्यात जावी आणि पावती त्यांनीच द्यावी. महाराष्ट्रात करत असाल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थेमार्फतच पैसे गोळा करा.

आम्ही तिकीट लावत नाही. ‘अ ख्रिसमस कॅरोल’ निघालं तेव्हा त्याची किंमत होती पाच शिलिंग, आणि गोष्टीतल्या बॉब क्रॅचिटचा आठवड्याचा पगार पंधरा. म्हणजे हे पुस्तक खुद्द बॉबच्या घरात येणं कठीणच होतं. ज्यांच्यासाठी पैसे गोळा करतो त्यांनाच आत येता आलं नाही तर ते मला सहन होणार नाही. दोन रांगा पँट्रीत येणाऱ्या कुटुंबांसाठी मोकळ्या ठेवतो, पण त्यावर पाटी लावत नाही आणि कुणाला काही विचारत नाही. पास पँट्रीचेच स्वयंसेवक देतात.

खर्च निघतो जाहिरातींतून. जुन्या रेडिओवर कार्यक्रमाचे प्रायोजक असत, तसं गावातला बेकरीवाला, सायकलवाला, न्हावी यांच्या अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या जाहिराती आमचे नट त्या काळच्या ढंगात वाचतात. त्या फक्त सुरुवातीला. गोष्ट सुरू झाली की मध्ये काहीही नाही.

आणि आता तो कानातला आकडा. शेवटच्या सकाळी स्क्रूज त्या सद्गृहस्थाला गाठतो, माइकपाशी येऊन कुजबुजतो, शब्द कळत नाहीत. सद्गृहस्थाचा श्वास अडकतो. इथे आम्ही पाच सेकंद देतो. लोक मनात आकडा लावतात. प्रयोग संपल्यावर, टाळ्या ओसरल्यावर, तेच दोन सद्गृहस्थ हातात वर्गणीची तीच यादी घेऊन दाराशी उभे राहतात. कुणी भाषण करत नाही. पँट्रीची व्यवस्थापिका एक मिनिट बोलते, फक्त यंदा काय कमी पडतंय ते.

पेट्या बंद, कुलपं लावलेली. मोजणी त्याच रात्री, दोन जणांनी मिळून, त्यातला एक संस्थेचा. आकडा दुसऱ्या दिवशी सगळ्या कलाकारांना आणि जाहिरातदारांना कळवायचा, खर्चाच्या पावत्यांसकट.

प्रयोगाच्या दिवशी

दोन तास आधी जाऊन हॉलमध्ये नुसते उभे राहा आणि ऐका. रेडिएटर ठोके देतो का, दिवे गुणगुणतात का, मागच्या स्वयंपाकघरातला फ्रीज घरघरतो का. आम्ही फ्रीज बंद करतो आणि माझ्या गाडीच्या किल्ल्या त्याच्या आत ठेवतो, म्हणजे तो पुन्हा सुरू केल्याशिवाय मला घरी जाताच येत नाही. हीटर तासभर आधी जोरात लावून प्रयोगापुरता बंद. प्रेक्षकांचे खाऊचे कागद दाराशीच थांबवा. ऐकायला कमी येतं अशांसाठी मोठ्या टायपातल्या संहितेच्या चार प्रती पुढच्या रांगेत ठेवा. आणि गावात अंध माणसं असतील तर त्यांना आवर्जून बोलवा. आमच्याकडे एक आजी दर वर्षी येतात. साखळी आधी बाहेरून आली आणि मग फळीवर आली, हे फक्त त्यांनी पहिल्याच वर्षी ओळखलं.

प्रयोग संपला की आवरताना साखळी कोरड्या फडक्याने पुसून, कड्यांची सळई आणि करवंट्या एकाच खोक्यात भरा, खोक्यावर यादी चिकटवा. कॉर्नफ्लोअरची पिशवी फेकून द्या, ती पुढच्या वर्षी ओलावा धरते. मग फ्रीज सुरू करा.